बाबांनी आवळलेला जोड

आमच्या घरात भीती सगळ्यांनी आपापसात वाटून घेतली होती. आईला पडण्याची भीती. कोणी उंचावर चढलं, कोणी वेगात निघालं, कोणी नुसतं विहिरीत डोकावलं, की ती जागेवरूनच ओरडायची. बाबांना भीती वायूची. ते नागपूरजवळ बुटीबोरीला एका कारखान्यात भट्टीवर होते. तिथे त्यांचा एक जोडीदार डबा खाता खाता भिंतीला टेकला तो पुन्हा उठलाच नाही; गळणाऱ्या गॅसला ना रंग होता, ना वास. तेव्हापासून आमच्या बंब पेटणाऱ्या न्हाणीघराची खिडकी बाबांनी कधी लावू दिली नाही, ऐन थंडीतसुद्धा. माझा मोठा भाऊ मिलिंद, म्हणजे दादा, त्याला कशाचीच भीती नव्हती, निदान आम्हाला तसं वाटायचं. त्यामुळे त्याच्या वाटणीचीही मलाच बाळगावी लागली. आता पन्नाशी उलटली, माझी मुलं मला तोंडावर भित्री म्हणतात, आणि मी त्यांना खोटं ठरवायच्या भानगडीत पडत नाही.

दोन खोल्या, मागे टिनाच्या छपराचं अंगण, आणि त्या अंगणात दादाची गाडी. एरवी त्या जागेवर आईचा हक्क होता. उन्हाळा लागला की तिथे गव्हाचा चीक शिजायचा, कुरडया पडायच्या, मिरच्या वाळायच्या, आमरसासोबत खायला काडीवर कणकेचे सरगुंडे वळले जायचे. कूलरच्या ओल्या खसाचा वास, शिजणाऱ्या चिकाचा वास आणि त्यावर दादाच्या गाडीचा निळसर धूर, असा आमचा मे महिना असे. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, त्यामुळे धुराला एक गोडसर तेलकटपणा होता. "माह्या कुरडयाले तुया गाडीचा वास येते रे," असं आई रोज ओरडायची, आणि दादा रोज म्हणायचा, "तळल्यावर जाते तो." जात नसे. त्या वर्षीच्या कुरडया आम्ही तशाच खाल्ल्या.

गाडी मूळची साधी रस्त्यावरची होती. दादा महाल भागातल्या एका गॅरेजमध्ये काम करायचा. तिथे अपघातात चेंदामेंदा होऊन आलेली ही गाडी तिच्या मालकाने सोडून दिली, ती त्याने उभी केली. मडगार्ड कापून वर उचललं, रुंद हँडल बसवलं, मातीत रुतणारे मोठ्या खाचांचे टायर घातले, आणि मूळचा सायलेन्सर काढून मधे पोट फुगलेला, शर्यतीचा सायलेन्सर लावला; त्याला आम्ही नुसतं पाइप म्हणायचो. शहराबाहेर मुरमाच्या मैदानावर मातीचे उंचवटे रचून शर्यती व्हायच्या. त्या उंचवट्यांवरून गाड्या हवेत जायच्या आणि पलीकडे आपटायच्या. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला उलटी झाली. दादाने गंमत म्हणून ते गॅरेजभर सांगितलं.

तरीही गाडीचं एक काम माझंच होतं. इंजिनच्या तोंडातून धूर बाहेर पडतो तिथे सायलेन्सरचं टोक नुसतं सरकवलेलं असतं. बोल्ट नाही, वेल्डिंग नाही. मधे रबराची दोन कडी, त्यावर फट बुजवणाऱ्या लाल सीलंटचा पातळ हात, आणि बाहेरून ताणून धरणाऱ्या दोन स्प्रिंगा. त्या स्प्रिंगा अडकवायला फ्रेम आणि इंजिन यांच्या फटीत हात घालावा लागे, आणि घरात तेवढे बारीक हात माझेच होते. मी रॉकेलने तोंड पुसायची, पॉलिश पेपर फिरवायची, बोटाने सीलंट लावायची, सुतळीचा फास स्प्रिंगेत घालून ओढायची आणि टक्कन आकड्यात अडकवायची. कॉलेजात मी झाडाच्या पानांच्या आकृत्या काढायची, पण हे काम मला त्याहून आवडायचं. आणि या कामाचंच मला सगळ्यांत जास्त भेव होतं. दादा हवेत असताना काही सुटलं, तर ते माझ्या हातून सुटलेलं असेल, हा विचार मला जेवतानाही यायचा.

बाबा आणि दादा एकमेकांशी बोलत नसत. भांडण असं झालं नव्हतं. बाबांनी कारखान्यात शब्द टाकून दादाला शिकाऊ म्हणून लावून दिलं होतं, आणि दादा काही महिन्यांत ते सोडून गॅरेजमध्ये गेला, एवढंच. पण तेव्हापासून त्यांचं बोलणं माझ्यामार्फत चालायचं. दोघं समोरासमोर ताटावर बसलेले असायचे, आणि बाबा म्हणायचे, "सुजे, तुया भावाले विचार, आणखी भाकर पाह्यजे का." दादा म्हणायचा, "त्याईले सांग, पाह्यजे." मी दोन्हीकडे नुसती बघायची, आई भाकर टाकायची. गाडीचा तर बाबा उच्चारही करायचे नाहीत. अंगणातून जाताना ते तिला असा वळसा घालायचे, की जणू तिथे कोणाची तरी म्हैस बांधली आहे.

त्या मे महिन्यात जोडाची रबरी कडी जळून गेली. नागपुरात तशी मिळेनात, पुण्याहून कोणी तरी आणणार होतं, आणि शर्यत त्याच रविवारी. मी नुसत्या लाल सीलंटवर भागवलं, पण दोन फेऱ्या मारल्या की ते फुंकून निघायचं. जोडातून फट फट आवाज यायचा आणि इंजिनवर काळं तेल ओघळायचं. एका दुपारी ऊन एवढं होतं की गाडी बाहेर काढणं नको वाटलं, म्हणून दादाने ती अंगणातच, छपराखाली चालू ठेवून तपासायला घेतली. आई कोपऱ्यात शेगडीपाशी चीक ढवळत होती. मी जोडाजवळ कान नेऊन बसले होते. थोड्या वेळाने माझं डोकं जड झालं, आणि वळून बघते तर आई हातातला उलथना तसाच धरून एका अंगावर कलंडत होती.

बाबा नेमके त्याच वेळी कंपनीच्या बसने उतरून घरी आले. त्यांनी चप्पलही काढली नाही. गाडीची चावी फिरवून बंद केली, आईला दोन्ही काखांत धरून रस्त्यावर नेलं आणि कडुनिंबाखाली बसवलं. मलाही ओढत नेलं. आई तोंडावर पाणी मारल्यावर पाचेक मिनिटांत नीट झाली आणि "माहा चीक लागला असन बुडाले" म्हणू लागली. पण बाबांचा चेहरा मी विसरू शकत नाही. ओठ पांढरे पडले होते. ते परत अंगणात गेले, गाडीसमोर गुडघे टेकून बसले आणि तापलेल्या जोडाजवळ तळहात धरून बराच वेळ काही तरी अजमावत राहिले. दादा भिंतीला टेकून उभा होता. आता गाडी बाहेर फेकली जाणार, असं आम्हा दोघांनाही वाटलं. बाबा उठले, हात धुतले आणि मला म्हणाले, "तुया भावाले सांग, उद्या संध्याकाळी गाडी थंडी ठेव म्हना."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्याच्या पिशवीत लोखंडी पट्ट्याचे दोन अर्धगोल तुकडे होते, कारखान्यात वळवून घेतलेले, सोबत भट्टीच्या दारात भरतात ती दोरी आणि भट्टी लिंपायची राखाडी माती. त्यांनी माझ्या स्प्रिंगा काढून बाजूला ठेवल्या. जोडाभोवती दोरी गुंडाळली, आई सारवते तशी बोटांनी माती दाबली, वरून पट्टा बसवला आणि दोन्ही बाजूंचे बोल्ट एवढे आवळले की पाना कुरकुरला. भट्टीचं दार ते असंच बंद करायचे. त्यातून वायूचा कणही बाहेर येऊ द्यायचा नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. दादा न सांगता त्यांच्या हातात एकेक हत्यार देत होता. एकदा बाबा म्हणाले, "बत्ती इकडं धर," आणि ते थेट दादाला म्हणाले होते. आईने दारातून माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली, कारण मला रडू येत होतं.

माती वाळल्यावर गाडी चालू केली, या वेळी रस्त्यावर नेऊन. आवाज स्वच्छ, एकसंध. तेलाचा थेंब नाही. बाबांनी जोडाशी तळहात धरला, मान हलवली आणि "आता गॅस नाही जात," एवढंच म्हणाले. दादा हसला. मी सवयीने सायलेन्सरच्या फुगलेल्या पोटावर ओलं फडकं ठेवून त्यावर हात टेकवला. आणि मला भीती वाटली. इतके दिवस इंजिन वेगळं थरथरायचं आणि सायलेन्सर वेगळा थरथरायचा. दोघांच्या मधे तो सैल जोड होता, तो दोघांची ओढाताण सोसून घ्यायचा. आता सगळं मिळून एकच थरथर होती, आणि ती मागे, सायलेन्सर जिथे फ्रेमला धरलेला होता त्या पातळ पत्र्याच्या कानाशी जाऊन थांबत होती. तिथे बोट ठेवलं तर दातांपर्यंत झिणझिण्या येत होत्या.

शनिवारी संध्याकाळी दादा एकटा सापडला. मी म्हटलं, "दादा, जोड लय घट्ट झाला. पाइप मांगून तुटन."

"तुले सगळ्याचंच भेव लागते."

"हात ठेवून पाह्य ना एकदा."

त्याने हात ठेवला. त्याला कळलं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो गाडीचा माणूस होता, त्याला कसं नाही कळणार? पण हात काढून घेत तो म्हणाला, "बाबाईले बोलू नोको."

"काहून?"

"नोको म्हटलं ना. सरावात हळू चालवतो. शर्यत झाली की काढून टाकू."

त्याने माझ्याकडून आईची शपथ घेतली. आईची शपथ घातली की आमच्याकडे विषय संपायचा. मी पुन्हा आत आले आणि आईने वाढलेला वडाभात नुसता चिवडत बसले. मनात एकच चित्र: उंचवट्यावरून गाडी हवेत जाते, सायलेन्सर तुटून खाली लोंबतो, खाली येताना त्याचं टोक जमिनीत रुततं आणि गाडी पुढच्या पुढे उलटते. ते चित्र मी इतक्या वेळा पाहिलं की दादाच्या शर्टाचा रंगसुद्धा त्यात ठरून गेला होता. बाबा मात्र त्या दिवशी खुशीत होते. जेवता जेवता ते एकदम म्हणाले, "उद्या मी पन येतो पाहाले." दादाच्या हातातला घास तसाच राहिला.

मैदानावर सकाळी नऊलाच ऊन अंगात शिरत होतं. बाबा कारखान्याचा खाकी शर्ट घालून, डोक्याला दुपट्टा बांधून आले होते. त्यांच्याकडे दुसरा बरा शर्ट होता, पण यंत्राच्या कामाला जायचं तर हाच, असं त्यांचं ठरलेलं. आई आली नाही. निघताना तिने पन्ह्याची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "डोळे ठेव वं त्याच्यावर," जणू माझ्या डोळ्यांनी तो पडायचा राहणार होता. आम्ही मोठ्या उंचवट्याच्या अलीकडे, पोत्यांच्या कुंपणापाशी उभे राहिलो. बाबा सगळीकडे कौतुकाने बघत होते. शेजारचा एक पोट्टा दुसऱ्याला म्हणाला, "मिलिंदच्या गाडीचा आवाज बम साफ झाला बे," आणि बाबांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण दुपट्टा नीट बांधला.

सरावाच्या फेऱ्या सुरू झाल्या. दादा म्हणाल्याप्रमाणे हळू चालवत होता. पहिल्या फेरीत तो उंचवट्यावरून नुसता घरंगळल्यासारखा गेला. पण शर्यतीच्या मैदानात हळू चालवणं त्याच्या स्वभावात नव्हतं, आणि आज त्याचे वडील बघत होते. दुसऱ्या फेरीत तो हवेत गेला. खाली आला तेव्हा मी श्वास सोडला आणि त्याच क्षणी मला आवाजाखाली एक बारीक गुणगुण ऐकू आली. इतक्या गाड्यांत दुसऱ्या कोणाला ती ऐकू आली नसती. मी महिनोन्‌महिने त्या जोडाशी कान लावून बसलेली होते. गाडी पलीकडच्या वळणाकडे गेली, आणि तिथून भांड्यावरचं झाकण उडावं तसा खडखडाट आला. लाल धुरळ्यात मला दिसलं, सायलेन्सरचं पोट मागच्या बाजूने सुटून खाली आलं होतं आणि नुसतं पुढच्या पट्ट्याच्या आधाराने लोंबत होतं. दादाला ते दिसणं शक्य नव्हतं, हेल्मेटमध्ये ऐकू येणंही. तो वळण घेऊन सरळ रस्त्याला लागला. पुढे मोठा उंचवटा.

माझ्या तोंडून आवाजच फुटेना. मी बाबांच्या शर्टाची बाही धरून ओढली. "पाइप गेला," एवढंच मी म्हणू शकले.

बाबांच्या भट्टीवर एक नियम होता. ज्याला पहिल्यांदा शंका येईल त्याने ओरडायचं, आणि ऐकणाऱ्याने खरं की खोटं विचारायचं नाही, आधी हलायचं. बाबांनी मला काही विचारलं नाही. मी बोट दाखवायच्या आत ते पोत्यांवरून पलीकडे गेले होते. त्यांना धावताना मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. चढ सुरू होतो तिथे, ऐन वाटेत ते उभे राहिले, डोक्याचा दुपट्टा सोडला आणि दोन्ही हात वर करून तो हलवू लागले. एक गाडी त्यांच्या अंगाला घासून गेली. लोक ओरडत होते. त्या क्षणापर्यंत मला एकाच माणसाच्या जिवाची भीती होती. आता दोघांची झाली. दोघंही जातील आणि मी घरी जाऊन आईला काय सांगू, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता. मी डोळे मिटले. हे लिहितानाही मिटले जातात.

ब्रेकचा आवाज आला, मग घसरल्याचा. डोळे उघडले तेव्हा धुरळाच धुरळा. दादाने गाडी आडवी पाडली होती. ती घसरत जाऊन बाबांपासून हातभर अंतरावर थांबली होती. मागचं चाक अजून फिरत होतं. सायलेन्सरने मुरमात लांब रेघ ओढली होती. दादा उठला, हेल्मेट उपटून फेकलं आणि बाबांवर किंचाळला, "मरायचं होतं का तुमाले? समोर काहून उभे राह्यले? मी मारलं असतं ना तुमाले!"

इतक्या महिन्यांनंतर तो वडिलांशी बोलला ते हे. बाबा तिथेच मुरमावर बसले. मी धावत गेले, पन्ह्याची बाटली त्यांच्या तोंडाला लावली, पण अर्धं पन्हं त्यांच्या खाकी शर्टावरच सांडलं. लोकांनी गाडी बाजूला ओढली. बाबा सरकत तिच्याजवळ गेले. पट्टा जागेवर होता, माती शाबूत होती, तेलाचा एक डागसुद्धा नव्हता. पाइप मात्र मागे कानापाशी चिरफाळला होता.

"जोड तर हालला बी नाही," ते म्हणाले. "मंग तुटला काहून?"

कोणी तरी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "बाबा, इंजिन वेगळं हालते, पाइप वेगळा हालते. मधात थोडं ढिलं लागते. तुम्ही दोघाईले एक करून टाकलं."

ते जोडाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. "तुले कधी समजलं?"

"परवा. काल दादाले सांगतलं."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

मी दादाकडे पाहिलं. त्याचं कोपर सोलून निघालं होतं, रक्त मनगटापर्यंत आलं होतं, आणि तो ते पुसतही नव्हता. तो म्हणाला, "मी नोको म्हटलं तिले. शपथ घातली."

"काहून?"

उरलेल्या गाड्या बंद झाल्या होत्या, मैदान एकदम शांत झालं होतं. दादा खाली बघत म्हणाला, "तुम्ही पह्यल्यांदा हात लावला होता गाडीले, बाबा."

बाबांनी मान वर केली. भट्टीच्या उजेडाने लाल झालेले त्यांचे डोळे पाण्याने भरले होते, आणि ते लपवायची त्यांनी काही खटपट केली नाही.

"अरे येड्या," ते म्हणाले, "मी का एकदाच हात लावनार होतो?"

मग ते गुडघ्यांवर उठले आणि पट्टा सोडवायला पाना मागितला. पट्टा तापून निळा पडला होता, बोल्टाला बोट लावणं शक्य नव्हतं. दादाने आपला हातमोजा काढला आणि त्यांच्यापुढे धरला. बाबांनी तो घातला.